कोर्ट उठेपर्यंत

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मला शिक्षा झाली होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. थोरल्या नातवाने शाळेत ‘माझी सत्याग्रही आजी’ असा निबंध लिहिला, त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले. एक गुण शुद्धलेखनाचा गेला. खरं म्हणजे दहाही जायला हवे होते. मी जी घोषणा दिली ती महाराष्ट्रासाठी नव्हतीच. नवऱ्याच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईवर मी जळत होते, आणि त्या जळण्यात भर कोर्टात माझ्या हातून जो गाढवपणा झाला, त्याला लोकांनी देशभक्ती म्हटलं. मीही म्हणू दिलं. हार घालून घ्यायला कुणाची मान दुखते?

पण आज मला सांगायचं आहे ते त्या बाईविषयी. तिचं नाव मी लिहिणार नाही. तेव्हा मत्सरापोटी कधी घेतलं नाही, मनात नुसतं ‘ती’ म्हणत आले, आणि आता इतक्या वर्षांनी ते तोंडात बसायचं नाही.

आमचे हे फोर्टात एका वकिलांकडे कारकून होते. ती त्यांच्याच ऑफिसात टायपिस्ट. आमच्यापासून दोन वाड्या सोडून आईबरोबर राहायची. वय अठ्ठावीस-तीस, लग्न झालेलं नाही. मनगटावर घड्याळ, तेही काटे आतल्या बाजूला येतील असं बांधलेलं. मराठी टाइपरायटरवर बसली की ऑफिसभर पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा म्हणे. हे ‘म्हणे’ महत्त्वाचं. मला तिची सगळी माहिती रात्रीच्या जेवणाच्या पाटावर, नवऱ्याच्या तोंडून मिळत असे. भात कालवता कालवता हे सुरू करायचे, “आज बाईंनी काय गंमत केली…” आणि माझ्या हातातली पळी थांबायची.

तिची एक सवय होती. पक्षकार तावातावाने आला, घरमालकाला शिव्या देऊ लागला, टेबलावर मूठ आपटू लागला, की ती शांतपणे मशीनमध्ये कागद सरकवायची आणि म्हणायची, “थांबा. कागदावर घेऊ या.” एवढ्यानेच निम्म्या माणसांचा आवाज खाली यायचा. एकदा ठाकुरद्वारचा एक तरुण आला. बापाशी संबंध तोडल्याची जाहीर नोटीस द्यायची म्हणून हटून बसला. वकीलसाहेबांनी समजावलं, यांनी समजावलं, ऐकेना. ती म्हणाली, “कागदावर घेऊ या. वडिलांचं पूर्ण नाव?” त्याने सांगितलं. “वय?” त्याने अंदाजाने सांगितलं. “प्रकृती कशी असते?” आता नोटिशीत प्रकृती कशाला लागते? पण तो बोलू लागला. दम्याचं बोलला, वडील मिलच्या भोंग्याला उठतात ते बोलला, आणि मग नोटीस न देताच रुमालाने डोळे पुसत गेला.

यांनी ही गोष्ट मला डोळ्यांत पाणी आणून सांगितली. मी म्हटलं, “ताक घेणार का?”

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीत जळण्यासारखं काय होतं? बघा, मी एकोणीस वर्षांची. राजापुराकडून गिरगावात येऊन दोन वर्षं झालेली. दिसायला बरी होते, आता ते सांगायला साक्षीदार उरले नाहीत म्हणून मीच सांगते. माझ्याशी बोलताना नवरा तेल संपलं का, नळ आला का, एवढंच बोलायचा. आणि तिच्याविषयी बोलायला लागला की गोष्ट सांगायचा. सुंदर बाईवर जळणं सोपं असतं, चाळीतल्या चार बायका आपल्या बाजूने असतात. ही सुंदर नव्हती. वरचे दात किंचित पुढे. तिच्यात काय आहे ते मला बोट ठेवून दाखवता येत नव्हतं, आणि म्हणून रात्री उशी फिरवून फिरवून झोपावं लागायचं.

एक दिवस हे म्हणाले, “तुझ्याकडची एखादी पिन दे गं.” ती मशीनची अक्षरं पिनेने साफ करायची. अक्षरांच्या पोटात शाई भरते, मग ‘व’ आणि ‘ब’ सारखेच काळे उठतात, म्हणून केसांतली पिन काढून एकेक अक्षर टोकरायची. तिची पिन हरवली होती. डबीतली सगळ्यांत गंजकी, वाकडी पिन मी शोधून दिली. संध्याकाळी हे म्हणाले, “बाई म्हणाल्या, वाकडी आहे म्हणून कोपरे छान निघतात. वहिनींना सांगा.” आता यावर काय करायचं?

मग आमटी. “बाई म्हणत होत्या, वहिनींच्या आमटीला गोडा मसाला घरचा दिसतो.” म्हणजे माझी आमटी तीही खाते! दुसऱ्या दिवशी मी डब्यातल्या आमटीत मूठभर मीठ जास्त घातलं. नेमकी त्या दिवशी ती रजेवर. सगळी आमटी यांनी एकट्याने संपवली, घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायले, आणि माझं मन मोडू नये म्हणून एक अक्षर बोलले नाहीत. मला मेलीला त्याचंही काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की ती वाचली.

त्या दिवसांत मुंबईत रोज मोर्चे, रोज धरपकड. आमचे वकीलसाहेब सत्याग्रहींचे खटले एक पैसा न घेता चालवायचे. पकडलेल्यांना कोर्टात आणायचे त्या दिवशी ती मशीन घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यातच बसू लागली, आणि हे तिच्या शेजारी उभे राहून मजकूर सांगू लागले. ऑफिसात निदान चार माणसं असतात. व्हरांड्यात काय?

अशातच एका शनिवारी धुणं धुताना यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर मला निळा डाग दिसला. नीट पाहिला. डाग नव्हे, बोटाचा ठसा होता. अंगठ्याचा, रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. कार्बन पेपरची निळी शाई.

शेजारच्या भागीरथीकाकू मालवणच्या. त्यांना सदरा दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “ह्यां काय बरां लक्षण नाय गो. घोवाक संभाळूक व्हया. कोर्टात जा आणि आपल्या डोळ्यांनी बघून ये.”

सोमवारी मी यांचा डबा मुद्दाम मोरीच्या कट्ट्यामागे लपवला. हे शोधून शोधून तसेच गेले. अकरा वाजता जरीकाठी पातळ नेसले, अंबाड्यावर गजरा माळला आणि ‘विसरलेला’ डबा घेऊन निघाले. धोबीतलावापर्यंत ट्राम, तिथून विचारत विचारत.

कोर्टाची इमारत मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. काळा दगड, उंच कमानी, माणसांच्या पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेल्या पायऱ्या. वर गेलं की लांबच लांब व्हरांडा, एका बाजूला बाकडी, दुसऱ्या बाजूला दारं, आणि प्रत्येक दारातून पट्टेवाला बाहेर येऊन कुणाचं तरी नाव तीनदा पुकारणार. माणसं भिंतीला टेकून बसलेली, कुणी पुटपुटतंय, कुणी हात जोडून उभं. छपराला कबुतरं. मला वाटलं, हे देऊळच. मी दाराशी चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले. हसा. मीही हसते आता.

आणि व्हरांड्याच्या टोकाला ती दोघं दिसली. छोटं टेबल, त्यावर मशीन. मध्ये एकच चहा. यांनी बशी घेतली होती, तिने कप. हे बशीवर फुंकर घालत होते, ती काहीतरी म्हणाली, आणि हे असे हसले, असे हसले, की बशीतला चहा हिंदकळून त्यांच्या हातावर सांडला. घरी मी दोन वर्षांत त्यांचे इतके दात पाहिले नव्हते.

“अहो कारकून,” ती म्हणाली, “हात पुसा आधी. कागदाला लागेल.”

‘अहो’! कारकून म्हण, काय वाटेल ते म्हण, पण ‘अहो’ माझं होतं. लग्नात मला जे काही मिळालं त्यात आठ भांडी, दोन पातळं आणि ते एक ‘अहो’ होतं.

मी पुढे होणार तेवढ्यात मागून गलका आला. मनाईहुकूम मोडला म्हणून पकडलेल्या पंधरा बायकांना पोलिस घेऊन येत होते. परळ-लालबागच्या गिरणगावातल्या बायका, काष्टे घातलेल्या, पायऱ्यांपर्यंत घोषणा देत आलेल्या. इन्स्पेक्टर ओरडला, “आत आवाज नको! कोर्ट आहे!” त्या गप्प झाल्या आणि त्या लोंढ्याबरोबर मीही कोर्टाच्या खोलीत ढकलली गेले. मागच्या बाकावर बसले, पदर तोंडावर ओढला.

न्यायाधीश आले, सगळे उभे राहिले, बसले. वकीलसाहेब इंग्रजीत काही बोलू लागले. त्यांच्या मागे हे आणि ती. तिच्या हातात कागद, तो दाखवायला ती यांच्या कानाशी वाकली. कुजबुजली. यांनी मान हलवली. पुन्हा वाकली.

आता मला यांना हाक मारायची होती. दुसरं काही नाही, फक्त हाक मारायची होती, की वळून बघा, मी इथे आहे. पण हाक मारू काय? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. ‘अहो’ म्हणावं तर खोलीत पन्नास पुरुष, आणि ते ‘अहो’ तर आताच व्हरांड्यात उष्टं झालेलं. मी उभी राहिले. हाक ओठांपर्यंत आली होती आणि तिला शब्द सापडत नव्हता. तोंड उघडलं, आणि वर्षभर चाळीच्या गॅलरीत उभी राहून जे कानांवर पडत होतं तेच बाहेर पडलं.

“मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र…”

पुढचं मला म्हणावंच लागलं नाही. पंधराच्या पंधरा बायकांनी एका दमात छत हलवलं, “झालाच पाहिजे!”

नवरा वळला. हवं होतं ते झालं!

दोन पोलिसांनी मला दंड न धरता, पातळाच्या जरीकडे बघत अदबीने पुढे आणलं. न्यायाधीश संतापले होते. शिरस्तेदाराने दौतीत टाक बुडवला. “नाव?” सांगितलं. “राहणार?” सांगितलं. “नवऱ्याचं नाव?”

मी ओठ मिटले.

“नवऱ्याचं नाव काय, बाई?”

मी पायांच्या बोटांकडे बघत राहिले. हे चार हातांवर उभे, पण भीतीने पांढरेफटक पडलेले, त्यांच्याही तोंडातून आवाज फुटेना.

“मुकी आहे काय?” शिरस्तेदार म्हणाला.

“मघाशी तर नव्हती,” इन्स्पेक्टर म्हणाला. सगळे हसले.

तेव्हा ती पुढे आली आणि तिने माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. न अडखळता, न लाजता, पाकिटावर पत्ता लिहावा तसं. माझ्या तोंडून ते नाव त्याआधी एकदाच निघालं होतं, गृहप्रवेशाला, उखाण्यातून, उंबऱ्यावर बायका अडवून उभ्या होत्या तेव्हा. मला ते घ्यायला उखाणा लागतो, उंबरा लागतो, आणि ही ते रस्त्यावरच्या दुकानाच्या पाटीसारखं वाचते! अंगाचा असा भडका उडाला म्हणून सांगू.

वकीलसाहेबांनी काहीतरी इंग्रजी आर्जव केलं. न्यायाधीश म्हणाले, लेखी माफी मागितली तर सोडून देतो. बाहेर मशीन कडाडलं. दोन मिनिटांत ती कागद घेऊन आली, माझ्यापुढे धरला, हातात टाक दिला. ‘माझ्याकडून भावनेच्या भरात कोर्टाचा अवमान झाला…’ अक्षर न् अक्षर स्वच्छ उठलं होतं, ‘भावनेच्या’मधला ‘व’सुद्धा.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

ती माझ्या अगदी जवळ आली. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “वहिनी, कागद कुणी टाइप केलाय ते बघू नका. सही करा आणि घरी जा.”

म्हणजे तिला कळलं होतं. त्या खोलीत एकटीला तिला.

“नाही करणार!” मी ओरडले.

मागून टाळ्या पडल्या. लालबागची एक धिप्पाड मावशी म्हणाली, “वाघीण हाय गं पोरगी! माफी मागत न्हाय म्हन्ती!” आणि माझा नवरा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अभिमानाचं. त्याला वाटलं, आपली बायको तत्त्वाची आहे.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला शिक्षा दिली. कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तुरुंग नाही. त्याच खोलीत, त्याच बाकावर, दिवसाचं कामकाज संपेपर्यंत बसून राहायचं. संध्याकाळपर्यंत समोर नवरा आणि ती, आणि मला डोळे मिटायचीसुद्धा चोरी.

त्या पंधरा जणींना मात्र खरी शिक्षा झाली, एकेक महिन्याची. मावशी मला म्हणाली, “मला म्हयना आन् तुला सांजपत्तोर. बरं झालं, घरी जाऊन भाकरी थाप. आवाज मातूर लै खणखणीत हाय तुझा.” मला हसू आलं आणि पाठोपाठ लाज वाटली. तिचं सगळ्यांत धाकटं अजून अंगावर पीत होतं.

पोलिसांची गाडी यायला वेळ होता. ती मशीन उचलून आत, त्या बायकांच्या बाकाशी घेऊन आली आणि म्हणाली, “घरी काय निरोप द्यायचा ते कागदावर घेऊ या. एकेक जण.” मग मी जे पाहिलं ते मला जेवणाच्या पाटावर कुणी कधी सांगितलं नव्हतं. एक म्हणाली, पोराला खोकल्याचं औषध दुधात नको, पाण्यात द्या. एक म्हणाली, सासूला सांगा, मी रडले नाही. एक नुसतीच बसली, तिला काही सुचेना. ती म्हणाली, “घरात सकाळी आधी कोण उठतं?” आणि त्या बाईला सगळं सुचत गेलं. कार्बन घालून दोन प्रती काढायच्या, एक घरी पाठवायची, एक फायलीत. प्रत हातात देताना प्रत्येकीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दाबायचा. गाडी आली आणि पंधरा बायका रांगेने निघाल्या, तेव्हा प्रत्येकीच्या खांद्यावर एक निळा अंगठा होता.

माझा सदऱ्याचा खटला तिथेच निकाली निघाला. पण मन काय कोर्टाचं ऐकतं? ते म्हणालं, बायकांचं ठीक आहे, पण यांना कुठे तुरुंगात जायचं होतं?

शेवटी ती माझ्याकडे आली. कागद सरकवला. “तुमचा काही निरोप, वहिनी? घरी?”

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. “माझं घर ते काय तिथे उभं आहे.”

तिची बोटं मशीनवर तशीच राहिली. मग तिने कागद परत काढून घेतला. “हो,” ती म्हणाली. “दिसतंय.”

मधल्या सुट्टीत ती माझ्या चपला घेऊन आली. टेबलाखाली जपून ठेवल्या होत्या. “देवळातून चपला जातात,” म्हणाली, “इथून त्याहून लवकर जातात.” माझ्याच शेजारी बसून तिने आपला डबा उघडला. दडपे पोहे होते. मी आणलेला डबा सकाळच्या रेटारेटीत कुठे राहिला होता कुणास ठाऊक. तिचे पोहे मी खाणार नव्हते. भूक फार लागली होती म्हणून खाल्ले. चांगले होते, हे लिहिताना अजूनही हात अडतो.

दुपारभर मी पाहत राहिले. हे मजकूर सांगायचे, ती उतरवायची. हे अडले की तिची बोटं थांबायची, आणि यांना शब्द सुचायच्या आत चालू व्हायची. मला ते चहापेक्षा, हसण्यापेक्षा जास्त लागलं. हे काय मनात आणणार ते तिला आधी कळत होतं. मला अजून आमटी खारट झालेली त्यांना कळली की नाही, तेही कळलं नव्हतं.

पाच वाजता न्यायाधीश उठले, सगळे उठले, मीही उठले आणि उभीच राहिले. सुटले हे मला कुणी सांगितलंच नाही. ती मशीनवर झाकण घालत होती. “अहो कारकून,” ती म्हणाली, “आज फायली मी नेते. तुम्ही वहिनींबरोबर जा.” हे म्हणाले, अहो पण ओझं, ती म्हणाली, जा म्हणते ना.

आम्ही दोघं चालत गिरगावात आलो. वाटेत यांनी माझ्यासाठी आणखी एक गजरा घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा. वाडीच्या तोंडाशी लोक हार घेऊन उभे होते. भागीरथीकाकूंनी ओवाळलं आणि कानात विचारलं, “काय बघलंस?” मी म्हटलं, “सत्याग्रह बघितला.”

त्यानंतर ती यांच्याशी कामापुरतं बोलू लागली असावी. पाटावरच्या गोष्टी आटत गेल्या. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. दादरला कुणाच्या टायपिंग क्लासात शिकवायला लागली, आईला घेऊन तिकडेच राहायला गेली. ज्या दिवशी हे मला कळलं त्या दिवशी मी केळं घालून शिरा केला. यांनी विचारलं, “आज काय विशेष?” मी म्हटलं, “काही नाही, रवा जुना होत होता.”

शिरा त्यांनी निम्मा टाकला. पुढचे कितीतरी दिवस हे गप्प असायचे. दाढी करताना गुणगुणायचे, ते थांबलं. मध्येच विचारायचे, “मी बाईंना काही लागेलसं बोललो का गं? तू होतीस त्या दिवशी. तुला काही आठवतं?” मी म्हणायचे, नाही हो. एवढं वाटायचं, जिंकले. आणि जिंकल्यावर घर इतकं शांत का झालं, ते कळायचं नाही.

पुढे महाराष्ट्र झाला, मुलं झाली, हे हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. गुणगुणणं परत आलं, थोरल्याच्या बारशाच्या सुमारास. आमचं चांगलं चाललं, हे मी शपथेवर सांगेन. ती अधूनमधून दिसायची. दादरच्या भाजीबाजारात एकदा, लग्नाच्या पंगतीत एकदा. “कशा आहात वहिनी?” “बऱ्या आहोत.” एवढंच. लग्न तिने केलंच नाही. पन्नास मुलींना वर्षाला टायपिंग शिकवायची, आणि ऐकलं ते असं की कुणी मुलगी घरच्या त्रासाने रडत आली, की मशीनमध्ये कागद सरकवायची.

हे गेले त्याला आता वीस वर्षं झाली. बाराव्या-तेराव्याची गर्दी ओसरल्यावर एका सकाळी ती आली. काठी टेकत, चौथ्या मजल्यापर्यंत, वाटेत दोनदा बसत. केस सगळे पांढरे, घड्याळ अजून उलटं बांधलेलं. यांच्या फोटोपुढे तिने फूल ठेवलं नाही, हात जोडले नाहीत, नुसती बघत राहिली. किती वेळ बघावं माणसाने? खोटं कशाला सांगू, त्या वयात, कपाळ मोकळं असताना, मला पुन्हा तोच चटका बसला. मी चहा केला. दोन कप, दोन बश्या. वेगवेगळ्या.

चहा घेताना मी विषय काढला. गमतीत काढावा तसा. म्हटलं, “मी फार मूर्ख होते हो तेव्हा. उगाच तुमच्यावर संशय घेतला. भर कोर्टात तमाशा केला. हे जाईपर्यंत त्यांना खरं सांगितलं नाही मी. आज तुमची माफी मागते. हवं तर कागदावर घ्या.”

ती हसली नाही. कप खाली ठेवला, खिडकीतून वाडीकडे पाहिलं आणि मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली,

“माफी कसली, वहिनी? त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही. माझ्या मनात होतं. कुणाला म्हणजे कुणाला कळलं नाही, आईलासुद्धा नाही. तुम्हाला एकटीला दिसलं. चला, निदान कुणाला तरी दिसलं, एवढ्यावर माझं चांगलं निभावलं.”